दुकानाचा लॅपटॉप फलाटावर

अचलपूरहून खरेदीसाठी मुंबई किंवा सुरतेकडे निघालेल्या व्यापाऱ्याला आगगाडीसाठी आधी अमरावती किंवा बडनेरा गाठावे लागते. मूर्तिजापूरपर्यंत नेणारी अरुंदमापी ‘शकुंतला’ बंद पडल्यापासून अचलपूरच्या स्थानकात गाडीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता उरकून बडनेऱ्याच्या फलाटावर बसावे, तर गाडीला अजून तासभर अवकाश असतो. महिन्याची २० तारीख असते, जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायचे राहिलेले असते, आणि पिशवीत दुकानाचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असतो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. समोर फलकावर ‘मोफत वायफाय’ असे लिहिलेले दिसते. लॅपटॉपला मात्र ते काही केल्या लागत नाही.

हे काम मोबाइलवर का करत नाहीत, असे घरातील तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण व्यापाराचे कागद मोबाइलवर नसतात. टॅलीतील हिशेब त्या लॅपटॉपवर असतात. पेढी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी लागते, आणि त्या स्वाक्षरीचे पेनड्राइव्हसारखे टोकन ज्या यंत्रावर एकदा व्यवस्थित बसवले, ते यंत्र बदलण्यास कोणी धजावत नाही. जुना लॅपटॉप टिकून राहतो तो केवळ काटकसरीमुळे नव्हे.

स्थानकांवरील ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. रेल्वेची रेलटेल ही कंपनी आणि गूगल यांनी मिळून सुमारे ४०० स्थानके जोडली. पुढे गूगल बाजूला झाले आणि रेलटेलने ‘रेलवायर’ या नावाने हे जाळे ६,००० हून अधिक स्थानकांवर नेले. मार्च २०२१ पासूनच्या रचनेत दिवसातील पहिला अर्धा तास मोफत आहे, तोही साधारण १ एमबीपीएस वेगाने. त्यापुढे पैसे मोजावे लागतात. सुरुवातीचा दर १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी असा होता. विवरणपत्रासाठी अर्धा तास पुरतो, मात्र त्यातील वीस मिनिटे जोडणीच्या खटपटीत जाता कामा नयेत.

अचलपूरच्या पंचक्रोशीला सार्वजनिक बिनतारी इंटरनेट नवे नाही. मुक्तागिरीच्या यात्रेकरूंना ओळखीच्या असलेल्या परतवाड्याहून धारणीकडे निघाले की सेमाडोहच्या पुढे हरिसाल लागते. मेळघाटातील या गावाला राज्य शासनाने आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून तेथे इंटरनेट आणण्यात आले, कारण त्या कमी वारंवारतेच्या लहरी झाडी आणि डोंगर यांना तुलनेने कमी अडतात. पुढे ही सेवा कितपत टिकली, यावर २०१९ च्या निवडणुकीच्या सभांत राज्यभर वाद झडला. त्या वादात एक तांत्रिक गोष्ट मागे पडली. लहरी कोणत्याही असोत, गावात पोहोचल्यावर शेवटचे काही मीटर त्यांना साध्या वायफायचेच रूप घ्यावे लागते, कारण लॅपटॉपला तेवढेच ऐकू येते.

त्यातही जुन्या लॅपटॉपचे कान एकाच सुराचे असतात. वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त यंत्रांपैकी बहुतेकांना फक्त पहिला पट्टा कळतो. मुलाच्या मोबाइलमध्ये एखादे जाळे दिसते आणि त्याच बाकावरच्या लॅपटॉपमध्ये दिसत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी लॅपटॉप बिघडला असे समजून तो दुरुस्तीला टाकण्याची गरज नाही; काही शे रुपयांचा यूएसबीला लावायचा वायफाय ॲडॅप्टर हे काम करतो. मात्र त्याआधी यंत्राच्या कडेचे छोटे सरकते बटण पाहावे. त्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांना वायफाय चालू-बंद करणारी अशी कळ असे, आणि पिशवीत आत-बाहेर करताना ती सरकलेली असते.

जाळे दिसले, नावावर टिचकी मारली, आणि तरीही ‘जोडणी मर्यादित’ असे पिवळे चिन्ह आले, तर दोष यंत्रात शोधू नये. तो दुकानाच्या मांडणीत सापडण्याची शक्यता अधिक. दोन-तीन संगणकांवर एकच टॅली चालवायची असते तेव्हा संगणक जोडून देणारा माणूस मुख्य संगणकाला एक पक्का आयपी पत्ता देऊन ठेवतो, म्हणजे इतर संगणकांना तो रोज त्याच ठिकाणी सापडतो. आयपी पत्ता म्हणजे जाळ्यातील घरक्रमांक. सार्वजनिक ठिकाणी हा क्रमांक तेथील राउटर प्रत्येक पाहुण्याला स्वतः वाटून देतो. दुकानाचा लॅपटॉप तो घेण्यास नकार देतो आणि आपल्या जुन्याच पत्त्यावर अडून बसतो; धर्मशाळेत खोली मिळत असताना घराच्या किल्लीने तिचे कुलूप उघडू पाहावे, तसा. वायफायच्या गुणधर्मांत आयपी आवृत्ती ४ खाली ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ हा पर्याय निवडला की अडवणूक संपते. त्याच्याच खालचा डीएनएसचा पर्यायही ‘ऑटोमॅटिकली’ असावा, आणि जुन्या कार्यालयातील प्रॉक्सी शिल्लक असेल तर तीही काढावी. बदल करण्यापूर्वी तेथील आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.

यानंतरचा अडथळा सर्वांत चकवणारा आहे. जोडणी पूर्ण दिसते, पण मोबाइल क्रमांक विचारणारे पान येत नाही आणि बँकेचे पान उघडू पाहिले तर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी लाल पाटी येते. पाहुण्याने पहिले कोणतेही पान मागितले की स्थानकाचे जाळे ती मागणी मध्येच अडवते आणि त्या जागी स्वतःचे पान पुढे करते. पूर्वी संकेतस्थळे उघडी असत, त्यामुळे ही अदलाबदल सहज जमे. आता बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद आहेत, आणि मध्येच कोणी पान बदलू नये हेच त्या कुलपाचे काम. ब्राउझर पान बदलल्याचे ओळखतो आणि थांबतो. उपाय साधा आहे: मुद्दाम कुलूप नसलेले पान मागावे. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे संकेतस्थळ एवढ्याचसाठी उघडे ठेवलेले आहे. ते मागितले की स्थानकाचे पान समोर येते. लाल पाटीवरील ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय बँकेच्या किंवा कराच्या पानावर कधीही वापरू नये.

पानावर क्रमांक दिल्यावर ओटीपी येतो. ही कटकट अनेकांना अनावश्यक वाटते. तिच्यामागचा इतिहास महाराष्ट्रातला आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या सुमारास दहशतवाद्यांनी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर काही आठवड्यांत मुंबईतील आणखी ठिकाणांचे वायफाय अशाच रीतीने वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय देणाऱ्यांना वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे बंधन घातले. घरचा किंवा दुकानाचा राउटर पासवर्डाविना ठेवू नये, याचे याहून ठोस उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

ओटीपी देऊनही प्रत्येक संकेतस्थळ चूक दाखवत असेल, तर लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. आतील नाण्याएवढी बॅटरी, बहुधा ‘सीआर २०३२’, संपली की बंद यंत्र तारीख विसरते आणि चालू होताना कधी २००९, कधी २०१२ साल सांगू लागते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. २००९ मध्ये जगणाऱ्या यंत्राला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते. तारीख हाताने दुरुस्त केली की भागते. बॅटरी घड्याळजीकडेही स्वस्तात मिळते, बसवायला मात्र जाणकार हवा. तारीख बरोबर असूनही काही ठरावीक पाने उघडत नसतील तर यंत्राजवळची विश्वासू प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक मूळ प्रमाणपत्र संपले आणि अद्ययावत न केलेल्या असंख्य यंत्रांवर पाने उघडेनाशी झाली. फायरफॉक्स ही यादी स्वतःजवळ बाळगतो, आणि त्याची ११५ वी आवृत्ती विंडोज ७ वरही चालते.

इथपर्यंतचे सारे प्रश्न आत कसे शिरावे याचे होते. व्यापारी कुटुंबाने अधिक विचार करावा असा प्रश्न पुढचा आहे. दुकानातील इतर संगणकांना टॅली उघडता यावी म्हणून मुख्य संगणकावरील हिशेबाचे फोल्डर सामायिक केलेले असते. ‘एव्हरीवन’ला वाचण्याची आणि लिहिण्याचीही मुभा, पासवर्ड नाही. दुकानाच्या चार भिंतींत ते चालून जाते, कारण तेथे ‘एव्हरीवन’ म्हणजे मुनीमजी, धाकटा भाऊ आणि काउंटरवरचा मुलगा. हाच लॅपटॉप स्थानकाच्या जाळ्यात आला की ‘एव्हरीवन’ या शब्दाचा अर्थ बदलतो. लॅपटॉपला ते कोणी सांगत नाही. उधारीची यादी, अडत्यांची खाती, खरेदीचे भाव, बँकेतील शिल्लक हे सारे त्या फोल्डरमध्ये असते. पेढीची वही धर्मशाळेच्या ओसरीवर उघडी ठेवून कोणी आंघोळीला गेले नसते.

काही जाळी पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात, पण बाकावर बसलेल्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नाही. म्हणून विंडोज ७ नवीन जाळ्याला जोडताना ‘होम, वर्क की पब्लिक’ असे विचारते, तेव्हा घाईत पहिल्यावर बोट न ठेवता ‘पब्लिक’ निवडावे. विंडोज १० मध्ये तोच पर्याय त्या जाळ्याच्या गुणधर्मांत असतो. या एका निवडीने फायरवॉल सामायिक फोल्डरांची दारे बाहेरच्यांसाठी लावून घेते. घराबाहेर पडण्यापूर्वी फोल्डरचे सामायिकीकरणच बंद केले, तर अधिक उत्तम.

ही भीती काल्पनिक नाही, हे २०१७ साली दिसले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू विंडोजच्या फोल्डर सामायिक करण्याच्या यंत्रणेतील एका दोषावाटे पसरला. जाळ्यातील एक यंत्र बाधित झाले की शेजारच्या यंत्रावर कोणी कोठेही टिचकी न मारताही तो तेथे पोहोचत असे. जूनअखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाली होती, आणि काही तासांत जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ज्या दोषाचा दोघांनीही फायदा घेतला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या मोफत दुरुस्त्या मिळत नाहीत. एक्सपीवर चालणारे यंत्र तर सार्वजनिक जाळ्याला जोडूच नये. त्याने दुकानात टॅलीपुरते राहावे.

बँकेचा व्यवहार किंवा कराचा भरणा करायचाच असेल, तर फलाटावरच्या वायफायपेक्षा खिशातील मोबाइल बरा. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की वायफायचा प्रश्नच उरत नाही: पट्टा कोणता, पान कुठे आहे, शेजारी कोण बसले आहे, यांपैकी काहीच पाहावे लागत नाही. हॉटस्पॉटच वापरायचा तर त्याच्या मांडणीत २.४ गिगाहर्ट्झ निवडावे आणि पासवर्ड ठेवावा. स्थानकाचे मोफत जाळे भाव पाहणे, तिकीट शोधणे, बातम्या वाचणे अशा कामांना उत्तम आहे, आणि त्याच्याच नावाशी मिळतेजुळते दुसरे नाव यादीत दिसले तर दोन्ही सोडून द्यावीत.

दुकानात परतल्यावर एक अडचण हमखास येते. लॅपटॉप आता पत्ता आपोआप घेतो, त्यामुळे काउंटरवरच्या संगणकाला टॅली सापडत नाही आणि सकाळी सकाळी संगणकवाल्याला फोन जातो. त्यावर दोन तोडगे आहेत. पक्का पत्ता प्रत्येक जोडणीला वेगवेगळा देता येतो. म्हणून तो केवळ तारेच्या जोडणीला द्यावा आणि वायफाय कायम ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे. किंवा दुकानाच्या राउटरमध्येच त्या लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवण्यास सांगावे. बहुतेक राउटरांत ही सोय असते आणि जाणकाराला ती लावण्यास पाच मिनिटे पुरतात. मग दुकानात लॅपटॉपला नेहमीचा पत्ता मिळतो, बाहेर तो पाहुण्यासारखा मिळेल तो घेतो, आणि वहीतले ते आकडे पुन्हा टंकत बसण्याची वेळ येत नाही. फोल्डरचे सामायिकीकरण प्रवासापूर्वी बंद केले असेल तर तेवढे पुन्हा चालू करावे, आणि या वेळी ‘एव्हरीवन’ऐवजी दुकानातील माणसांची नावे व पासवर्ड घालून.