अंतराळातून परतल्यावर

रेवसहून निघालेली लाँच मुंबईच्या भाऊच्या धक्क्यास लागेपर्यंत तास-दीड तास जातो. मुलांनो, साधारण तेवढ्याच अवधीत राकेश शर्मा यांनी सबंध पृथ्वीला प्रदक्षिणा घातली होती!

१९६६ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांचे सैनिकी शिक्षण सुरू झाले. वैमानिक होऊन ते १९७१ च्या युद्धात लढले. ३ एप्रिल १९८४ रोजी दोन सोव्हिएत सहकाऱ्यांसह ते अंतराळात झेपावले. तेथे जाणारे ते पहिले भारतीय. सुमारे आठ दिवसांच्या या प्रवासात त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली व योगासनांचे प्रयोग केले.

एवढी कीर्ती लाभल्यावर एखादा स्वस्थ बसला असता. शर्मा मात्र नाशिकच्या विमान-कारखान्यात मुख्य चाचणी-वैमानिक झाले. चाचणी-वैमानिकाने विमान स्वतः उडवून त्यातील दोष हुडकायचे. मगच ते इतरांच्या हाती द्यायचे. या कामात जयघोष नसतो. धोका मात्र नित्याचा. २००१ साली त्यांनी उड्डाणातून निवृत्ती घेतली.

लाँच सोडण्यापूर्वी रेवसचा तांडेल यंत्र निरखून पाहतो, तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्ष असते? परंतु उतारूंचे प्राण त्या नजरेवरच विसंबून असतात.