विज्ञान-राजनय आणि परिभाषेचा प्रश्न : आहुपे परिसराच्या संदर्भात

राष्ट्राराष्ट्रांतील अथवा राज्याराज्यांतील व्यवहारात शास्त्रीय ज्ञानाने मध्यस्थी करावी, या प्रयत्नास अलीकडे विज्ञान-राजनय ही संज्ञा लाभली आहे. हिमालय-हिंदुकुश प्रदेशातील ८ देशांचे संयुक्त संशोधनकेंद्र काठमांडू येथे १९८३ साली स्थापन झाले. सह्याद्री गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत ६ राज्यांत पसरला आहे. पण त्याच्या वाट्याला असे सामायिक केंद्र आले नाही. याची राजकीय कारणे सुपरिचित आहेत. भाषिक कारणाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसले आहे. येथील पूर्वेकडचे पाणी घोड नदीतून भीमेस व पुढे कृष्णेस मिळते, पश्चिमेकडचे मुरबाडच्या बाजूस कोकणात उतरते. कृष्णेच्या पाण्याचा तंटा १९६९ साली नेमलेल्या लवादाने ऐकला आणि महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांना अनुक्रमे ५६०, ७०० व ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. घनफूट तिन्ही राज्यांत घनफूटच असतो. त्याला भाषांतर लागत नाही.

अरण्याचे तसे नाही. आहुप्याच्या परिसरातील महादेव कोळी कुटुंबांना हिरड्यापासून उत्पन्न मिळते. त्या वृक्षास कन्नडात अळले, तमिळमध्ये कडुक्काय म्हणतात. ‘टर्मिनालिया चेब्युला’ या नावाने सर्व संशोधक परस्परांस समजतात. परंतु गावाचा व्यवहार ज्यावर चालतो तो बाळहिरडा, म्हणजे कोवळेपणीच उतरवून वाळविलेले फळ. हा भेद लॅटिन नावात नाही. तो कोणी, केव्हा व किती उतरवावा, हाच तर टिकाऊ विकासाचा मूळ प्रश्न! देवराई, देवरकाडु आणि काव यांचेही असेच आहे. शब्दकोशात ते समानार्थी ठरतील; पण प्रत्येकामागील निर्बंध व हक्क निराळे आहेत.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल सादर केला. क्षेत्रांची आखणी तात्पुरती मानून ग्रामसभांशी विचारविनिमय व्हावा, असे तिचे म्हणणे होते. अहवाल इंग्रजीत होता आणि तो प्रसिद्ध होण्यास २०१२ साल उजाडले, तेही माहिती आयोगाच्या व न्यायालयाच्या आदेशानंतर. पुढे कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली आखणी बदलली. अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, त्यांतील सहावा ३१ जुलै २०२४ चा. या सर्व काळात मराठीत रूढ झालेला शब्द ‘संवेदनशील क्षेत्र’ हा. वस्तुतः मराठी वृत्तपत्रांत संवेदनशील म्हणजे दंग्याची भीती असलेली वस्ती वा बंदोबस्ताचे मतदानकेंद्र. ज्या गावावर हा शब्द उमटतो त्या गावास संरक्षणापेक्षा पहाराच आधी आठवला, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. ‘जपणुकीचे रान’ असा एखादा साधा पर्याय ग्रामसभेपुढे ठेवून पाहण्याजोगा होता. कोणत्याही मसुद्याने तसे केले नाही.