वारुळावरची अळंबी आणि पाटावरची छत्री

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या दुआबात पसरलेल्या, आणि ज्यांच्या वाट्याचा पाऊस सह्याद्रीने मावळातच अडवून ठेवला आहे अशा बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात रानातल्या अळंबीचा विषय काढला, तर पुण्या-मुंबईच्या वाचकास किंचित हसू येण्याचा संभव आहे. कारण अळंबी म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे कोकणातले ओलेकंच रान उभे राहते, आणि वर्षाकाठी जेमतेम वीस-बावीस इंच पावसावर गुजराण करणाऱ्या या मुरमाड माळांवर असे काही नाजूक उगवत असेल यावर त्याचा सहसा विश्वास बसत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी की, पाऊस वेळेवर झाला तर आषाढ-श्रावणात, आणि त्याने हुलकावणी दिली तर पार पूर्वा-उत्तरा नक्षत्रांपर्यंत, सुप्याकडच्या पडीक माळांवर आणि इंदापूर तालुक्यातील गवताळ गायरानांत अळंबी उगवते. जाणती मंडळी ती हेरतात, आणि ज्या घरी ती शिजते त्या घरी त्या दिवशी मटणाची आठवण कोणी काढत नाही.

परंतु या मुलखाला जिराईत आणि बागाईत अशी दोन अंगे आहेत, आणि अळंबीच्या बाबतीत ती एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की एकीकडचे ज्ञान दुसरीकडे वापरणे जिवावर बेतू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने या बाजूस उतरले, पुढे 1980 च्या सुमारास उजनीच्या जलाशयाने इंदापूरची उत्तर सीमा पाण्याखाली घेतली, आणि जिथे बाजरी कशीबशी पदरात पडे तिथे ऊस उभा राहिला. उसाबरोबर पाचट आले, शेणखताचे ढीग आले, बंगल्यांपुढची हिरवळ आली, बारमाही ओल आली. आणि या ओलीवर ज्या छत्र्या उगवू लागल्या त्या वारुळावरच्या छत्र्यांच्या गोत्रातल्या नव्हेत. आजी-आजोबांनी माळावर शिकवलेली ओळख घेऊन नातवंडे पाटाच्या कडेला छत्र्या वेचू लागतात, धोका नेमका तिथे आहे.

आपल्या प्राचीनांनी हा भेद अगदीच दुर्लक्षिला होता असे नाही. सुश्रुताने भुईतून फुटणाऱ्या या शाकांची विभागणी पेंढा, ऊस, गोवरी, बांबू आणि जमीन अशा त्यांच्या जन्मस्थानांवरून केली. त्या यादीत ऊस पाहून बारामतीच्या बागाईतदारास मौज वाटावी. चरकाने सर्पच्छत्रक तेवढे वर्ज्य ठरवून इतर अनेक जाती मधुर पण जड मानल्या, तर मनूने कवकांस लसूण-कांद्याच्या पंगतीस बसवून द्विजांना सरसकट मना केले. ज्या मुलखात कांदा-लसणाच्या तिखटावाचून कालवण होत नाही, तिथे मनूचा हा निर्बंध कितपत पाळला गेला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वारुळावरच्या अळंबीस शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात, आणि हे नाव 1942 साली रोझे एम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने दिले. तिची जीवनकथा अशी आहे की, वाळवी लाकूड आणि पालापाचोळा कुरतडून आणते, पण त्यातला कठीण अंश तिला स्वतःला पचत नाही. म्हणून ती आपल्या विष्ठेचे, स्पंजासारखे सच्छिद्र पोळे वारुळाच्या पोटात रचते, त्यावर या कवकाची अक्षरशः शेती करते, आणि कवकाने मऊ करून दिलेले अन्न व त्यावर धरणारे पांढरे कण खाऊन जगते. मनुष्यास नांगर सुचण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी ही मशागत सुरू झाली. पावसाने भुई पुरेशी भिजली म्हणजे खालच्या पोळ्यातून एक लांब मुळासारखा दांडा वर निघतो, आणि टोपीच्या मध्यभागी असलेल्या टणक टोकाने माती फोडून बाहेर येतो. आफ्रिकेत या वंशातील एका जातीची टोपी जवळजवळ एक मीटर रुंद होते. आपल्याकडची तळहाताएवढी निघाली तरी समाधान मानावे. वाळवीवाचून ही अळंबी होत नाही, म्हणून बाजारासाठी तिची लागवड करणे अद्याप कोणास साधलेले नाही.

ती काढताना जाणता मेंढपाळ कधीही वरून खुडत नाही. खुरप्याने बाजूची माती हलकेच मोकळी करीत तो दांड्याच्या मागोमाग खाली जातो, आणि वीतभर किंवा त्याहूनही खोल गेल्यावर तो निमुळता, मातकट दांडा हाती येतो. ही क्रिया केवळ चार बोटे अधिक भाजी मिळावी म्हणून केलेली नाही. तीच परीक्षा आहे. दांडा वाळवीच्या पोळ्याकडे जातो की नाही, टोपीच्या मध्यभागी टोक आहे की नाही, टोपीखालचे कल्ले दांड्याला न चिकटता सुटे आहेत की नाहीत, ते पांढऱ्यावरून फिकट गुलाबीकडे झुकतात की नाहीत, आणि मुख्य म्हणजे दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखे फाटके आवरण तर नाही ना, हे सारे एकत्र जुळले तरच तिला पदरात घ्यावी. यातले एकही लक्षण सुटे घेऊन निकाल देऊ नये. आणि ज्याने पूर्वी कधी ही अळंबी वेचलेली नाही, त्याने हा लेख हाती घेऊन माळावर जाऊ नये, वेचणाऱ्याच्या मागोमाग जावे. कोरड्या प्रदेशातील वारुळांवर खवल्यांची, मिटल्या टोपीची, पोडॅक्सिस नावाची आणखी एक छत्री निघते. ती कोवळी आणि आतून शुभ्र असेपर्यंतच खाण्याची, एकदा आत काळी भुकटी धरली की ती टाकाऊ झाली.

आता पाटाकडच्या छत्रीकडे वळू. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असे जडजंबाल नाव असलेली ही छत्री हिरवळीवर, खतावलेल्या जमिनीवर, पावसानंतर एका रात्रीत उगवते. ती मोठी, पांढरीशुभ्र, टोपीवर तपकिरी खवले मिरवणारी आणि दांड्यावर सैल कंकण घातलेली असते, आणि कोवळेपणी तिचे कल्ले इतके पांढरे असतात की कोणासही मोह व्हावा. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत ओकाऱ्या आणि जुलाब यांनी माणूस बेजार होतो. उष्ण प्रदेशांत अळंबीमुळे होणाऱ्या विषबाधांत हिचा हात फार मोठा आहे. तिचे बिंग फोडण्याचा एक खात्रीचा मार्ग कोणासही घरी करता येतो: दांडा कापून टोपी कल्ल्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवावी, वर भांडे पालथे घालावे, आणि रात्रभर तिला हात लावू नये, सकाळी कागदावर बीजाणूंची जी नक्षी उमटते ती हिरवट असेल, तर छत्री उकिरड्यात टाकून हात धुवावेत. वारुळावरच्या अळंबीची नक्षी फिकट गुलाबी उमटते. परंतु नक्षी हिरवी नाही एवढ्यावरून छत्री खाद्य ठरत नाही, कारण ज्यांचे विष खरोखर प्राणघातक आहे त्यांतील पुष्कळांची नक्षी पांढरी असते.

ते प्राणघातक विष अमॅनिटा वंशातील काही जातींत असते. या जाती विशिष्ट वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करतात, म्हणून आपल्या उघड्या माळांवर त्यांची भीती कमी; पण लेपिओटा नावाच्या लहानखुऱ्या छत्र्यांपैकी काहींत तेच विष असते आणि त्यांना वृक्षांची गरज नाही. यात फसवणूक वेळेची आहे. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग ओकाऱ्या-जुलाब सुरू होतात, ते ओसरल्यावर रोग्यास बरे वाटू लागते, घरची मंडळी निर्धास्त होतात, आणि याच अवधीत यकृत निकामी होत जाते. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात चहामळ्यांच्या परिसरात रानटी अळंबी खाऊन तेरा जण दगावले. हे विष शिजवल्याने, वाळवल्याने वा मुरवल्याने नष्ट होत नाही. शिजताना चांदीचे नाणे टाकावे आणि ते काळे पडले नाही तर निःशंक जेवावे, लसूण वा तांदूळ रंग बदलतो की नाही ते पाहावे, किडीने कुरतडलेली असेल तर ती खाद्यच असणार, या साऱ्या समजुती मी पंगतीत प्रतिष्ठित तोंडांतून ऐकल्या आहेत. त्यांतील एकीलाही आधार नाही.

वेचण्याच्या जागेचाही विचार हवा. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून वनोपज उचलणे परवान्यावाचून मना आहे. वारूळ कितीही बहरलेले दिसो, कुंपणाच्या अलीकडेच थांबावे. उसात वाळवीवर औषध ओतलेले असते, हमरस्त्याच्या कडेस धूर आणि धूळ असते, आणि कवक हे जमिनीतील जड धातू शोषून घेण्यात तरबेज. म्हणून या दोन्ही ठिकाणची अळंबी, जात अस्सल असली तरी, घेऊ नये.

वेचलेली अळंबी दुरडीत वा कापडात आणावी, प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून तासाभरात नासते, आणि त्याच दिवशी शिजवावी, कारण तिच्यात अळ्या फार लवकर पडतात. मुळाचा मातकट भाग तासून टाकावा, वाहत्या पाण्यात एकेक झटपट धुवावी, भिजत घालू नये, आणि सुरी न लावता हाताने उभ्या चिरफळ्या काढाव्यात. कोरड्या कढईत टाकली की ती पुष्कळ पाणी सोडते; ते आटू द्यावे, मगच तेल, बारीक कांदा, ठेचलेला लसूण, भाजून वाटलेले सुके खोबरे आणि काळा मसाला घालून बेताचा रस्सा धरावा आणि वीस मिनिटे तरी मंद आचेवर रटरटू द्यावा. अर्धवट शिजलेली अळंबी खाद्य जातीची असली तरी पोटास बाधते. सोबत बाजरीची भाकरी. प्रथम खाणाऱ्याने अर्ध्या वाटीवर थांबावे, लहान मुलांस आणि गरोदर स्त्रीस वाढू नये, निरनिराळ्या जाती एका भांड्यात एकत्र करू नयेत, आणि दोन कच्च्या छत्र्या कागदात गुंडाळून दोन दिवस थंड जागी ठेवाव्यात. काही विपरीत घडलेच तर 108 ला फोन करून रोग्याबरोबर त्याही दवाखान्यात न्याव्यात, आणि किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. ओकारी थांबली म्हणून मात्र घरी परतू नये.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा हस्त नक्षत्र उलटून गेलेले असेल आणि माळावरची वारुळे पुन्हा कोरडी पडलेली असतील. पुढच्या पावसापर्यंत ज्यांना धीर धरवत नाही त्यांच्यासाठी गव्हाच्या काडावर लावलेली धिंगरी अळंबी आहे, जिच्या लागवडीचे शिक्षण पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मिळते. वर सांगितलेला मसाला तिलाही चालतो, फक्त ती मुळात सौम्य चवीची असल्यामुळे लसूण दोन पाकळ्या अधिक घालावा, आणि वाळवलेली असेल तर आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घ्यावी.