अमेरिकन अभिजात मोटारगाड्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) किंवा तेथील अभिकल्पानुसार अन्यत्र, मुख्यत्वे १९४५ ते १९७४ या काळात तयार झालेल्या आणि मोठे एंजिन, प्रशस्त बांधा व ठळक आकार यांमुळे संग्राहकांत आजही मान्यता टिकवून असलेल्या मोटारगाड्या. यांपैकी मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे शक्तिशाली एंजिन बसवून तयार केलेल्या गाड्यांना ‘मसल कार’, म्हणजे बलदंड गाडी, असे म्हणतात. महाराष्ट्रात मसल कार फारशी आली नाही. मात्र तिच्या आधीच्या पिढीतील अमेरिकन गाड्यांची जुळणी मुंबईत होत होती आणि जीप हे अमेरिकन वाहन तर विदर्भातील वाशिमसारख्या भागापर्यंत पोहोचले. त्यामुळे या गाड्यांच्या आकर्षणाचा व जतनाचा प्रश्न येथेही उद्‌भवला आहे.

वर्गीकरण : जुन्या गाड्यांच्या वर्गीकरणाचे संकेत देशपरत्वे भिन्न आहेत. ब्रिटिश परंपरेत १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उल्लेखनीय गाड्यांना सामान्यतः ‘क्लासिक’ म्हणजे अभिजात ही संज्ञा लावतात. भारतीय कायद्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनास व्हिंटेज मानले आहे.

मसल कारचा उदय : १९४९ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने ‘रॉकेट ८८’ या तुलनेने हलक्या गाडीत नवे व्ही-८ एंजिन बसविले, तर १९५५ मध्ये क्रायस्लर कंपनीने ३०० अश्वशक्तीची ‘३००’ ही गाडी आणली. मात्र सर्वसामान्य तरुणाला परवडेल अशा किमतीत ही शक्ती मिळू लागली ती १९६४ पासून. त्या वर्षी पाँटिअ‍ॅक विभागाने ‘टेंपेस्ट’ या मध्यम गाडीसाठी ‘जीटीओ’ हा ऐच्छिक संच विक्रीस काढला. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे एंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डेलोरियन व त्यांचे सहकारी अभियंते यांनी ३८९ घन इंचांचे (सु. ६·४ लि.), ३२५ अश्वशक्तीचे एंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न देता ऐच्छिक संच म्हणून दिले व हा नियम चुकविला. पाच हजार गाड्या खपतील अशी अपेक्षा असताना पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. पुढे शेव्हरोलेची ‘शेव्हेल एसएस’, डॉजची ‘चार्जर’, प्लिमथची ‘रोड रनर’ इ. गाड्या या स्पर्धेत उतरल्या. १९७० च्या शेव्हेलमधील ४५४ घन इंचांच्या एंजिनाची जाहीर शक्ती ४५० अश्वशक्ती होती. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी या सुमारास वाहन चालविण्याच्या वयात आली होती; पेट्रोल स्वस्त होते व रस्ते रुंद होते. या तीन गोष्टी एकत्र आल्याखेरीज अशी गाडी संभवली नसती.

रचना व ध्वनी : मसल कारमध्ये एंजिन पुढे असून मागील चाकांना गती दिली जाते. एंजिनाचे घनफळ मोठे असल्याने कमी फेऱ्यांतही त्याची पिळशक्ती भरपूर असते आणि स्थिर अवस्थेतून गाडी झपाट्याने वेग घेते. तिच्या वैशिष्ट्यपूर्ण आवाजाचे कारणही रचनेत आहे. व्ही-८ एंजिनात सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, परस्परांशी ९०° कोन करून बसविलेले असतात. भुजादंडावरील चार भुजा एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे एंजिनातील एकूण स्फोट समान अंतराने होतात. परंतु एकाच रांगेपुरते पाहिल्यास ते असमान अंतराने होतात. प्रत्येक रांगेचा निष्कास वेगळ्या नळीतून बाहेर पडत असल्याने ही असमानता कानाला खोल, घुमणाऱ्या घरघरीच्या रूपाने जाणवते. चार सिलिंडरांच्या एंजिनात असा आवाज निर्माण होत नाही.

या गाड्यांचे दोषही तितकेच ठळक होते. वेगाच्या मानाने गतिरोधक दुबळे होते, वळणावर गाडी जड वाटे आणि एका लिटर पेट्रोलमध्ये ती जेमतेम तीन-चार किमी. जाई. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे व निष्कास वायूंवर जवळजवळ कोणतेही नियंत्रण नव्हते.

ऱ्हास : १९७० मध्ये अ. सं. सं.त हवेच्या शुद्धतेविषयीचा कायदा कडक करण्यात आला. शिसेरहित पेट्रोल चालावे म्हणून एंजिनांचे संपीडन गुणोत्तर १९७१ पासून कमी करण्यात येऊ लागले. विमा कंपन्यांनी तरुण चालकांवर जादा हप्ते बसविले आणि ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदीने उरलेली मागणीही ओसरली. १९७४ मध्ये जीटीओचे उत्पादन थांबले. पुढे या नावांचे पुनरुज्जीवन झाले. तथापि डॉजच्या व्ही-८ एंजिनाच्या ‘चॅलेंजर’ व ‘चार्जर’ या गाड्यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस बंद करण्यात आले.

महाराष्ट्रातील अमेरिकन गाड्या : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी-कारखाना सुरू केला व शेव्हरोले गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. संपूर्ण देशी उत्पादनाची कल्पना मात्र मो. विश्वेश्वरय्या व सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांची होती. वालचंदांनी क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. कुर्ला येथील तिच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या आणि फार्गो मालमोटारी तयार होऊ लागल्या. ‘डॉज किंग्जवे’, ‘प्लिमथ सॅव्हॉय’ व ‘डिसोटो डिप्लोमॅट’ यांचा सांगाडा जवळजवळ एकच असून फरक मुख्यत्वे दर्शनी जाळी, पट्ट्या व नाममुद्रा यांत होता. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाची रचना साधी व दणकट होती.

जकात आयोगाच्या १९५३ मधील अहवालानंतर, उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या व केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना भारतातून जावे लागले. जनरल मोटर्सचा शिवडी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. प्रीमियर कंपनीने इटलीच्या फियाटशी सहकार्य करून १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची लहान गाडी हाती घेतली. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखली गेली. त्या जातीची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. मसल कारचा काळ येईपर्यंत भारतात आयातबंदी पक्की झाली होती. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या काही गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्या वाटेने शेव्हरोले इंपालासारख्या मोजक्या गाड्या धनिकांकडे व हिंदी चित्रपटांच्या पडद्यावर आल्या. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी मोठी अमेरिकन गाडी पाहिली ती पडद्यावरच.

जीप व वाशिम परिसर : ग्रामीण महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने रुजलेले अमेरिकन वाहन म्हणजे जीप होय ( ⟶ जीप). दुसऱ्या महायुद्धासाठी विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या काही जीपगाड्या भारतात नागरिकांच्या हाती आल्या. मुंबईतील महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये सुट्या भागांच्या रूपाने ७५ जीपगाड्या आणविल्या व १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली. विलिसची ‘सीजे-३बी’ ही जात अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. भारतात ती त्यानंतरही अनेक वर्षे निर्माण होत राहिली. याच वंशातील ‘थार’ २०१० मध्ये आली. या कंपनीने २०१८ पासून अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही जीपसदृश गाडी विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा जीपच्या अमेरिकन मालकांनी आकाराच्या नकलेबद्दल तक्रार केली व गाडीचे रूप बदलणे भाग पडले. जुन्या आकाराचे मोल किती, हे या वादावरून लक्षात येते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील काळी माती पावसाळ्यात चाके धरून ठेवते. अशा रस्त्यांवर चारही चाकांना गती देणारे, जमिनीपासून उंच असे वाहन उपयोगी पडते. सरकारी दौरे, निवडणूक प्रचार व रुग्णांची ने-आण यांत विदर्भात सर्वत्र जीपचा वापर झाला. प्रवासी वाहतूक करणाऱ्या, जीपच्या धर्तीवरील गाड्यांना त्यांच्या रंगावरून ‘काळी-पिवळी’ हे नाव पडले. जिल्ह्याचा ‘एमएच-३७’ हा नोंदणीक्रमांक जिल्हानिर्मितीनंतरचा असल्याने, येथे व्हिंटेज ठरू शकणारे प्रत्येक वाहन मुळात अन्य क्रमांकाखाली नोंदलेले असणार. आज नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. तेथे मोटारगाडीस ताशी १२० किमी. वेगाची मर्यादा आहे. युद्धकालीन जीपचा कमाल वेग ताशी सु. १०५ किमी. होता.

आकर्षणाची कारणे : या गाड्यांचे आकर्षण केवळ वेगामुळे टिकलेले नाही, आजच्या अनेक साध्या गाड्याही वेगाने त्यांच्या बरोबरीला येतात. पहिले कारण म्हणजे यंत्राची सुगमता. कार्ब्युरेटर, वितरक, ठिणगी-गुडद्या हे भाग डोळ्यांना दिसतात व हाताने दुरुस्त करता येतात. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या गाडीत मालकाचा यंत्राशी असा संबंध राहत नाही. दुसरे कारण स्मृती. तरुणपणी जी गाडी घेता आली नाही ती माणूस स्थिरस्थावर झाल्यावर शोधू लागतो. तिसरे कारण दुर्मिळता व तिच्याशी निगडित कथा. १९६८ मधील बुलिट या चित्रपटात वापरलेली फोर्ड मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात सु. ३७ लाख डॉलरला विकली गेली. धातू व यंत्र म्हणून तिची किंमत याचा अल्पांशही नव्हती. महाराष्ट्रात यांत आणखी एका कारणाची भर पडते. येथे गाडी ही कुटुंबाची दीर्घकालीन ठेव असे. डॉज किंवा जीप घरातील लग्ने, यात्रा व आजारपणे यांच्या आठवणींशी जोडलेली असते.

जतन व कायदा : संग्राहकांच्या दृष्टीने गाडीचे मोल तिच्या मूळपणावर ठरते. सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक मूळ नोंदीशी जुळणे, ही त्याची पहिली कसोटी होय. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा भारतात अनेक अमेरिकन गाड्यांत व जीपगाड्यांत डिझेल एंजिने बसविण्यात आली. त्यामुळे गाडी चालत राहिली, पण मूळपण गेले. तथापि हे फेरफारही येथील मिस्त्रींच्या कौशल्याचा इतिहास आहेत. सुटा भाग मिळत नसताना तो कातून घेणे, ठोकून पत्रा घडविणे ही विद्या बहुधा लेखी स्वरूपात नाही व जुन्या कारागिरांबरोबर ती नाहीशी होत आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु., फेरनोंदणीचे ५,००० रु. असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. वाहनात मोठे फेरफार झालेले नसावेत आणि ते प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे व देखभाल यांपुरतेच रस्त्यावर आणावे, अशा अटी आहेत. मुंबईतील ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ सारख्या संस्थांच्या फेऱ्यांमुळे या गाड्या लोकांसमोर येतात.

या व्यवस्थेत एक उणीव राहिली आहे. पन्नाशी गाठलेल्या वाहनास संरक्षण आहे. परंतु सरकारी मालकीच्या, पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून रद्द होऊन ती मोडीत काढली जातात, तर खाजगी वाहनास पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व फेरनोंदणी करावी लागते. प्रदूषण व सुरक्षितता यांच्या दृष्टीने हे धोरण समर्थनीय आहे. मात्र ग्रामीण प्रशासनाचा इतिहास ज्या सरकारी जीपगाड्यांनी वाहिला त्यांपैकी एकही त्यामुळे पन्नाशीपर्यंत पोहोचणार नाही, अशी शक्यता आहे. प्रत्येक जातीचा निदान एक नमुना व त्याची कागदपत्रे जिल्हा पातळीवर राखून ठेवल्यास धोरणास बाध न येता हा वारसा टिकविता येईल. वीस टक्के एथेनॉलमिश्रित पेट्रोलचा जुन्या रबरी नळ्या व वेष्टनांवर अनिष्ट परिणाम होत असल्याने, जतन करावयाच्या गाडीत हे भाग आधीच बदलून घेणे इष्ट ठरते.