बाल्कनीसमोरची लाइफबोट

मुंबईत घर शोधलेल्या प्रत्येकाला 'सी व्ह्यू' या दोन शब्दांची किंमत ठाऊक असते. जाहिरातीत अथांग समुद्र असतो. प्रत्यक्षात तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केल्यावर, दोन इमारतींच्या फटीत बोटभर दिसतो. क्रूझच्या जहाजाला तर चोहोबाजूंनी समुद्रच असतो, तेव्हा तेथे तरी हा प्रश्न उद्भवू नये, असे वाटते. पण खोली आरक्षित करायला बसले की बाल्कनीच्या खोल्यांचे दोन दर समोर येतात. एक पूर्ण आणि दुसरा काहीसा कमी. कमी दराच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते : 'दृश्यात अंशतः अडथळा'.

समुद्रपर्यटन आता मराठी मध्यमवर्गाला परके राहिलेले नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या छोट्या सफरी, अलास्का, नॉर्वे, भूमध्य समुद्र ही नावे घरोघरी ऐकू येतात. २०२१ पासून मुंबईहूनही गोवा आणि लक्षद्वीपच्या दिशेने देशी कंपनीच्या सफरी सुरू झाल्या. अनेक घरांत ही सहल निवृत्तीनंतरची किंवा आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट असते, आणि ती पुन्हा होईलच असे नसते. अशा वेळी 'अंशतः' या शब्दाचा नेमका अर्थ पैसे भरण्यापूर्वी समजून घेतलेला बरा.

अडथळा कशाचा?

हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सर्वांत मोठा अडथळा जीवनरक्षक नौकांचा, म्हणजे लाइफबोटींचा. त्या ज्या पोलादी बाहूंना टांगलेल्या असतात त्यांना डेव्हिट म्हणतात. काही बाल्कनींसमोर नौका नसते, केवळ हा बाहू असतो. तो दृश्याची एक उभी पट्टी खातो, बाकीचे मोकळे सोडतो. तिसरा प्रकार पोलादी कठड्याचा. काही बाल्कनी जहाजाच्या पोटातच कापून काढलेल्या असतात. त्यांच्या कठड्याला काच नसते, छातीपर्यंत येणारी भरीव पोलादी भिंत असते. चौथा प्रकार डोक्यावरचा : वरचा डेक बाहेर आलेला असेल तर खालच्या बाल्कनीवर छज्जा येतो आणि आकाश कापले जाते.

या साऱ्यांची उदाहरणे एकाच जहाजावर पाहायची तर २००४ मध्ये सेवेत दाखल झालेल्या 'क्वीन मेरी २'चा नकाशा उघडावा. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क हा अटलांटिक प्रवास हे जहाज साधारणपणे सात रात्रींत करते. त्याच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या डेकवरील बाल्कनी पोलादी कठड्याच्या आहेत, तर आठव्या डेकवरील अनेक बाल्कनींसमोर लाइफबोटी आहेत. दोन्ही ठिकाणी दृश्य अडते; पण खालच्या बाल्कनीत उभे राहिले की समुद्र मोकळा दिसतो, आणि वरच्या बाल्कनीत उभे राहूनही नौका हलत नाही.

नौका तेथेच का?

प्रवाशाला वाटते, या नौका कोठेतरी आडबाजूला ठेवता आल्या असत्या. तसे करता येत नाही, कारण यामागे मोठा इतिहास आहे. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि २० नौकांमध्ये मिळून जागा होती १,१७८ जणांची. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज 'सोलास' या नावाने लागू असलेला १९७४ चा करार त्याचाच वंशज. दूरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या प्रवासी जहाजाच्या प्रत्येक बाजूला, जहाजावरील एकूण माणसांपैकी निम्मी मावतील एवढ्या नौका असाव्यात, असे त्याचे मूळ सूत्र आहे. काही भाग तराफ्यांनी भरून काढता येतो. पण तेव्हाही प्रत्येक बाजूला किमान साडेसदतीस टक्के माणसांची सोय नौकांतच असावी लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडले आणि ३२ जण मरण पावले, तेव्हा कललेल्या जहाजावरून नौका उतरवणे किती अवघड असते, हे जगाने पाहिले.

नौका झटपट पाण्यात उतरावी म्हणून ती फार उंचावरही नको. शक्यतो पाण्यापासून १५ मीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. त्यामुळे बऱ्याच आधुनिक जहाजांवर नौका खालच्या डेकच्या कडेला, जहाजाच्या अंगातील खोबणीत बसवतात आणि खोल्या त्यांच्या वर येतात. 'क्वीन मेरी २'चे रचनाकार स्टीफन पेन यांनी मात्र उत्तर अटलांटिकच्या उंच लाटांपासून नौकांना धोका पोहोचू नये आणि जहाजाचे रूपही जुन्या लाइनरसारखे राहावे, यासाठी खास सवलत मिळवून त्या सुमारे २५ मीटरवर ठेवल्या. म्हणूनच तेथे अडथळा इतक्या वरच्या डेकवर येतो. थोडक्यात, आपल्या बाल्कनीसमोर काय दिसेल हे त्या जहाजावरील नौकांच्या उंचीवर ठरते.

क्षितिजाचे गणित

समुद्रावर क्षितिज नेहमी जवळजवळ आपल्या डोळ्यांच्या पातळीवर दिसते, मग आपण कितीही उंचावर असू. म्हणून जी वस्तू डोळ्यांच्या पातळीखाली आहे, ती क्षितिज झाकू शकत नाही. ती झाकते केवळ जहाजालगतचे पाणी.

हिशेब करून पाहू. समजा, उभे राहिल्यावर आपले डोळे समुद्रसपाटीपासून २५ मीटरवर आहेत. तेथून क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. समोरच्या नौकेचे छप्पर डोळ्यांच्या दोन मीटर खाली आहे आणि त्याची बाहेरची कड आपल्यापासून तीन मीटरवर आहे. मग जहाजाजवळचे सुमारे ३८ मीटर पाणी दिसणार नाही. खुर्चीत बसले आणि डोळे अर्धा मीटर खाली आले, तर हा आकडा सुमारे ४९ मीटर होईल. अठरा किलोमीटरच्या समुद्रातून पन्नास मीटर वजा! अशी खोली कमी दरात मिळत असेल तर तो चांगलाच सौदा म्हणावा लागेल. खाली पाहिले की नारिंगी छप्परे दिसतील, एवढेच.

आता तेच छप्पर बाल्कनीच्या फरशीपासून सव्वा मीटर उंच आले असे समजू. साधारण उंचीच्या माणसाचे डोळे उभे असताना फरशीपासून दीड मीटरवर आणि खुर्चीत एक मीटर किंवा थोडे वर असतात. म्हणजे उभ्या माणसाला छपरावरून क्षितिज दिसेल, बसलेल्याला दिसणार नाही. छप्पर आणखी अर्धा मीटर वर गेले की दोघांनाही नाही. एका डेकच्या फरकाने सौदा फसवा ठरतो तो असा, आणि दरपत्रकात दोन्ही खोल्यांपुढे शब्द एकच असू शकतो.

प्रवास कोठला?

अडथळ्याचे मोल प्रवासाच्या मार्गावरही ठरते. नॉर्वेच्या गैरांगर फ्योर्डमध्ये पाहायचे असते ते वर : पाण्यातून सरळ उठलेले कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. तेथे पायाखालची नौका फारशी आड येत नाही, डोक्यावरचा छज्जा मात्र नक्की येतो. अलास्कात पर्वत आणि हिमनद्या नौकेच्या छपरावरूनही दिसतात. पण एखादा देवमासा अगदी जहाजालगत वर आला तर तो नेमका हुकतो. अटलांटिक ओलांडताना दिवसेंदिवस पाणी आणि आकाश यांखेरीज काहीच नसते. तेथे क्षितिजच झाकले गेले तर बाल्कनी म्हणजे मोकळी हवा आणि लाटांचा आवाज एवढेच उरते. रोज नवे बंदर असलेल्या भूमध्य समुद्राच्या सफरीत दिवस शहरात जातो आणि बाल्कनी संध्याकाळी तासभर वापरली जाते. तेथे कमी दराची खोली घेऊन उरलेले पैसे किनाऱ्यावर खर्च करणे शहाणपणाचे.

बाजूचाही विचार करावा. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडताना जहाजाची डावी बाजू दक्षिणेकडे असते, म्हणून ऊन तिकडे येते. परतीच्या प्रवासात उजवीकडे. समोर नौका असेल तर आधीच सावली असते, त्यात सावलीचीच बाजू मिळाली तर थंड हवेत बाल्कनीत बसवत नाही. ज्या बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही, तेथे काही नौका प्रवाशांची ने-आण करण्यासाठी खाली सोडतात. समोरची नौका त्यांपैकी एक असेल तर दिवसभर दृश्य खुले होते. पण पहाटेच यंत्रांचा आणि कर्मचाऱ्यांचा आवाज सुरू होतो.

जमेची बाजू

या खोल्यांना एक लाभ आहे, ज्याची जाहिरात होत नाही. लाइफबोटींची रांग बहुधा जहाजाच्या मधल्या भागात असते आणि फार वरच्या डेकवर नसते. जहाजाचे पुढे-मागे हिंदकळणे मध्यभागी सर्वांत कमी जाणवते आणि डावी-उजवीकडे डोलणे खालच्या डेकवर कमी. ज्यांना घाटातल्या बसमध्येही मळमळते, त्यांना सर्वांत वरच्या, टोकाच्या देखण्या खोलीपेक्षा मधली, नौकेमागची खोली सुखाची ठरू शकते. मात्र अशा खोल्यांच्या खाली पुष्कळदा उपाहारगृहे, नाट्यगृह किंवा मद्यालय असते. खालच्या डेकवर काय आहे हे पाहिल्याशिवाय खोली घेऊ नये, नाहीतर मळमळ टळेल आणि झोप जाईल.

पैसे भरण्यापूर्वी

पहिली गोष्ट, खोलीचा क्रमांक स्वतः निवडावा. 'गॅरंटी' या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या आरक्षणात क्रमांक कंपनी ठरवते आणि अटींत बसत असेल तर अडथळ्याची खोलीही पदरात पडू शकते. दुसरी, डेकच्या नकाशावर खोलीसमोर नौका, बाहू की मोकळी जागा आहे ते पाहावे. दोन नौकांच्या मधली खोली त्याच दरात मिळत असेल तर ती आधी धरावी. तिसरी, नकाशा वरून काढलेला असतो, त्यात उंची दिसत नाही. म्हणून त्याच क्रमांकाच्या किंवा शेजारच्या खोलीच्या बाल्कनीतून घेतलेले छायाचित्र एजंटाकडे मागावे आणि ते उभ्याने काढले की बसून, हे विचारावे. चौथी, अडथळ्याचे वर्णन लेखी घ्यावे. अडथळा आधीच लेखी सांगितलेला असेल तर जहाजावर पोहोचल्यावर तक्रारीला आधार उरत नाही, आणि जहाज भरलेले असेल तर बदलून देण्यास दुसरी खोलीही नसते.

शेवटी दराची तुलना तिहेरी करावी : बंद काचेची खिडकी असलेली खोली, अडथळ्याची बाल्कनी आणि मोकळी बाल्कनी. समजा, सात रात्रींच्या सफरीत शेवटच्या दोहोंमधला फरक २१,००० रुपयांचा आहे. म्हणजे रोजचे ३,००० रुपये. बाल्कनीत रोज खरोखर किती तास बसणार, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. चार तास बसणाऱ्याला फरक परवडतो, अर्धा तास बसणाऱ्याला नाही. अडथळ्याची बाल्कनी खिडकीच्या खोलीइतक्याच दरात मिळत असेल, तर बहुतेकांनी बाल्कनीच घ्यावी. दार उघडून वारा आत घेता येणे, ही काही लहान गोष्ट नाही.

हा अंदाज मात्र जो पैसे भरतो त्याच्यापुरता नसावा. आईवडिलांसाठी खोली निवडणारा मुलगा छायाचित्र पाहतो ते उभ्या माणसाच्या डोळ्यांनी. गुडघे दुखणारी आई बाल्कनीत उभी राहणार नाही. ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसेल. तिला त्या खुर्चीतून समुद्र दिसेल की नारिंगी छप्पर, हा प्रश्न आरक्षणाच्या आधी विचारला गेला पाहिजे. उत्तर 'समुद्र' असेल तर दृश्यातल्या अडथळ्याला घाबरण्याचे कारण नाही. उत्तर 'छप्पर' असेल, तर तिच्यासाठी रोजचे ते ३,००० रुपये वाचवू नयेत.