पाला नदीत चढतो तो कसा

यवतमाळपासून समुद्र पूर्वेला काय नि पश्चिमेला काय, पाचशे किलोमीटरांच्या पलीकडेच. इथल्या ताटात येतात ते तळ्या-धरणांतले रोहू, कतला, मरळ. नाहीतर आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील. तरीही समुद्रातल्या एका माशाशी या जिल्ह्याच्या पावसाचं नातं आहे. दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीत उतरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात हे गढूळ पाणी मुखाशी लोटलं, की पाला नदीत शिरू लागतो.

पाला म्हणजे बंगाल्यांचा इलिश. गोदावरीत चढलेल्याला आंध्रात पुलसा म्हणतात आणि एकेका माशाला हजारो रुपये मोजतात. त्याचं शास्त्रीय नाव टेनुआलोसा इलिशा. टेनुआलोसा या प्रजातीत पाच जाती मोडतात आणि सगळ्या हेरिंगच्या, म्हणजे आपल्या तारलीच्याही, गोतातल्या. मुंबईच्या बाजारातली भिंग त्यांतलीच एक. अंग चपटं, रुपेरी. पोटाची कड करवतीसारखी खरखरीत. वरच्या जबड्याच्या मधोमध खाच. पाला आणि भिंग यांत गल्लत होते, तेव्हा कल्ला उचलून पाहावा. आतल्या कमानीवर बारीक काट्यांची दाट रांग असते. पाल्यात ती अधिक दाट, भिंगेत विरळ. तोंडात घेतलेलं पाणी कल्ल्यांतून बाहेर जाताना सूक्ष्म वनस्पती आणि जीव याच काट्यांत अडकतात. पाल्याचं पोट भरतं ते यांवर.

बाकीचं आयुष्य समुद्रात चालत असताना हा मासा नदीत कशाला येतो? अंड्यांसाठी. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं यांना गोडं पाणी लागतं. मुखाशी खारटपणा उतरला, पाणी गढूळलं, प्रवाह वाढला, की पिकल्या गाभोळीचे मासे थव्यांनी उलट्या दिशेला वळतात.

मला यातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती पोहण्याची नव्हे, मिठाची. समुद्रातलं पाणी माशाच्या रक्तापेक्षा कितीतरी खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं. ते भरून काढायला मासा समुद्राचं पाणी पितो आणि त्याबरोबर आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात. नदीत सगळंच उलटं होतं. पाणी अंगात घुसतं, मीठ निसटतं. आता पिणं जवळजवळ थांबवायचं, मूत्रपिंडांनी भरपूर पातळ लघवी बाहेर काढायची आणि कल्ल्यांनी नदीतलं थोडंथोडकं मीठ आत ओढायचं. हा बदल घडतो तो मुखाजवळच्या मचूळ पाण्यात. तोवर समुद्रात साठवलेली चरबीही कामाला येते, कारण चढताना मासा फारसं खात नाही. पाल्याच्या चवीचं श्रेय खवय्ये याच चरबीला देतात. काटे मात्र इतके बारीक आणि इतके, की नवख्याने घासामागे बोट लावून शोधावेत.

मोठी मादी दहा लाखांवर अंडी सोडते. ती साधारण दिवसभरात फुटतात. पिल्लं काही महिने नदीतच वाढतात आणि बोटभर-वीतभर झाली की समुद्राकडे परततात.

पण गोदावरीत चढण फार लांबची राहिलेली नाही. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् इथे इंग्रज अभियंता आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली 1852 मध्ये बंधारा पुरा झाला. त्याच जागी आज नवा बॅरेज उभा आहे. त्या पाण्याने डेल्ट्यातली भातशेती फुलली, हे खरंच. पाल्याची वाट मात्र तिथे अडते. सामनसारखी उंच उडी या माशाला जमत नाही, म्हणून त्याच्यासाठी बांधलेल्या पायऱ्याही फारशा उपयोगी पडत नाहीत. गंगेतही हेच झालं. एके काळी अलाहाबादच्याही वर सापडणारा पाला 1975 मध्ये फराक्का बॅरेज सुरू झाल्यावर वरच्या पात्रातून जवळपास नाहीसा झाला.

भिंतीइतकाच प्रश्न पाण्याच्या वेळेचा आहे. माशाला खूण मिळते ती पुराची. पैनगंगेवर इसापूर धरण आहे, खाली गोदावरीवरही बॅरेज झाले. वर पाणी अडलं की मुखाशी पोचणारा लोंढा उशिरा येतो, कमी येतो. यवतमाळच्या शेतकऱ्याला धरण हवंच आहे, आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण हिशेबात खालच्या माशाचाही आकडा असतो.

परतणाऱ्या पिल्लांची काळजी बांगलादेशाने कायद्याने घेतली आहे. 25 सेंटिमीटरांहून लहान इलिश, तिथे ज्याला जाटका म्हणतात, तो नोव्हेंबर ते जूनपर्यंत धरायचा नाही. आणि ऑक्टोबरच्या सुमारास अंडी घालण्याच्या दिवसांत 22 दिवस इलिशची मासेमारी पूर्ण बंद.