वाल दोर्चा : अर्धेलीच्या घरातला मुक्काम

टस्कनीची जी छायाचित्रे कॅलेंडरवर दिसतात, त्यांतली बरीचशी एकाच खोऱ्यातली असतात. लाटांसारख्या टेकड्या, माथ्यावर एकुलते एक दगडी घर, त्याच्याकडे वळणे घेत जाणारा पांढऱ्या मातीचा रस्ता आणि कडेने ओळीत उभे उंच सायप्रस. मध्य इटलीतल्या सिएना शहराच्या दक्षिणेला असलेले ओर्चा नदीचे हे खोरे म्हणजे वाल दोर्चा. फ्लॉरेन्सहून रोमला जाताना बरेच पर्यटक इथे तासा-दोन तासांसाठी उतरतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावी निघतात. खोरे समजून घ्यायचे असेल, तर मात्र फोटोतल्या त्या घरातच चार दिवस राहायला हवे.

इथला निसर्ग माणसाने घडवलेला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी या चिकणमातीच्या उजाड मुलखात पैसा ओतला आणि शेती, रस्ते, वस्त्या आखून घेतल्या. चांगला कारभार असला की शिवार कसे दिसते, हे आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सिएनाच्या नगरभवनाच्या भिंतीवर रंगवून ठेवले होते. पेरणी, कापणी, ओझी लादलेली खेचरे असे सगळे त्या भित्तिचित्रात आहे. युनेस्कोने २००४ मध्ये वाल दोर्चाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही असे विचारपूर्वक घडवलेले भूदृश्य म्हणूनच.

ते घडवणारे हात कुळांचे होते. शतकानुशतके इथली शेती अर्धेलीने चाले. जमीन आणि घर मालकाचे, राबणारे कुळाचे अख्खे कुटुंब आणि पीक निम्मे-निम्मे. टेकडीवरचे घर त्या जमिनीच्या तुकड्याचाच भाग असे. तळमजल्यावर कमानीखाली बैल बांधायचे, वर माणसांनी राहायचे. जिना बाहेरून, अंगणात पावाची भट्टी. गवताच्या कोठारांच्या भिंतींत वारा खेळता राहावा म्हणून विटांची जाळी ठेवलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पिढी कारखान्यांच्या शहरांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि घरेच्या घरे ओस पडली. त्यांतल्या काही जमिनी सार्डिनिया बेटावरून आलेल्या मेंढपाळांनी घेतल्या. इथल्या प्रसिद्ध पेकोरिनो चीजच्या धंद्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

उरलेल्या घरांना पुन्हा माणसे मिळाली ती पाहुण्यांच्या रूपाने. ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणजे शेतावरचा मुक्काम. इटलीने १९८५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. त्यातली मुख्य अट अशी की, धंदा शेतीचाच असला पाहिजे, पाहुणचार हा त्याला जोड. गोठ्याच्या जागी आज बहुधा जेवणघर असते. वरच्या कमानी आणि खाली झिजलेली फरशी तशीच ठेवलेली असते. सकाळी खिडकी उघडली की खालच्या उतारावर धुके आणि ट्रॅक्टरचा आवाज, दोन्ही असतात.

पाहुणचार या खोऱ्याला नवा नाही. कँटरबरीहून रोमला जाणारा ‘व्हिया फ्रांचिजेना’ हा यात्रामार्ग इथूनच जातो. ९९० मध्ये रोमहून परतताना आर्चबिशप सिजेरिकने आपले मुक्काम नोंदवून ठेवले, त्या यादीत इथले सान क्विरिकोही आहे. यात्रेकरूंसाठी सिएनाच्या रुग्णालयाने वाटेवर धर्मशाळा बांधल्या. त्यांतली एक, ला फोचे, १९२० च्या दशकात आंतोन्यो आणि आयरिस ओरिगो या दांपत्याने विकत घेतली. त्यांनी धूप झालेली जमीन लागवडीखाली आणली, कुळांच्या मुलांसाठी शाळा काढली. समोरच्या टेकडीवरचा सायप्रसचा जगप्रसिद्ध नागमोडी रस्ता त्यांच्याच काळातला. युद्धात त्यांनी निर्वासित मुलांना आसरा दिला. १९४४ मध्ये लढाई दाराशी आली, तेव्हा त्या मुलांना घेऊन ते पायी मोन्तेपुल्चानोला पोचले. आयरिसची त्या दिवसांची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. आज ला फोचेची बाग पाहता येते आणि इस्टेटीवरच्या घरांत राहताही येते.

मुक्कामातला एक दिवस पिएंझाला द्यावा. मूळचे हे कोर्सिन्यानो नावाचे खेडे. इथे १४०५ मध्ये जन्मलेला एनेआ सिल्व्यो पिक्कोलोमिनी १४५८ मध्ये पोप दुसरा पायस झाला आणि त्याने बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून आपल्या गावाचा कायापालट करून घेतला. चर्च, राजवाडा आणि चौक तीन-चार वर्षांत उभे राहिले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला, तरी पोपने वास्तुविशारदाला बक्षीसच दिले. १४६४ मध्ये पोप वारला, काम थांबले आणि गाव जिथल्या तिथे राहिले. त्यामुळेच ते आज अभंग दिसते. चर्चच्या मागच्या भिंतीलगतच्या वाटेवरून समोर मोन्ते आमियाता हा १,७३८ मीटर उंचीचा निद्रिस्त ज्वालामुखी दिसतो.

त्याच ज्वालामुखीची ऊब बान्यो विन्योनीत वर येते. गावाच्या मधोमध चौकाऐवजी गरम पाण्याचे दगडी कुंड आहे. तारकोव्हस्कीने ‘नोस्टाल्जिया’ (१९८३) या चित्रपटासाठी तेच निवडले. कुंडात उतरायला बंदी आहे. गावाबाहेर जिथे हे पाणी कड्यावरून खाली जाते, तिथे पाय सोडून बसता येते. कड्यात कोरलेल्या जुन्या पाणचक्क्याही तिथेच दिसतात. उन्हाळ्यात ओढे आटले, तरी झऱ्याच्या पाण्यावर त्या चालत. त्यामुळे दळणाला लांबलांबून लोक येत.

शाकाहाऱ्यांची इथे उपासमार होत नाही. हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी ‘पीची’ टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांच्या लसणात मिळते. शिळ्या पावाचे, घेवड्याचे सूपही असते. पाव अळणी असतो, हे आधी ठाऊक असलेले बरे. पारंपरिक पेकोरिनोत प्राण्यांपासून काढलेले विरजण वापरतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. वाइनची आवड असेल, तर मोन्तालचिनोची ब्रुनेल्लो जवळच आहे.

मे-जूनमध्ये शिवार हिरवे असते आणि कडेला तांबडी खसखशीची फुले. जुलै-ऑगस्टमध्ये कापणी झालेल्या टेकड्या पिवळ्या पडतात. सप्टेंबरअखेर द्राक्षांची तोडणी सुरू होते. रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच्या क्यूझी स्थानकापर्यंत रेल्वे आहे. पुढे भाड्याची मोटार घेणे सोयीचे. त्यासाठी भारतातूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते आणि दंडाची नोटीस घरपोच येते. म्हणून गाडी वेशीबाहेर लावलेली बरी.

घर निवडताना पोहण्याचा तलाव आहे का, हे सगळेच विचारतात. त्याआधी तुमच्याकडे काय पिकते, हे विचारावे. गहू, ऑलिव्ह, मेंढ्या असे काही उत्तर आले, तर आपले भाडे ती शेती चालू ठेवायला हातभार लावते. नांगर थांबला, तर या टेकड्यांवर झुडपे माजायला आणि फोटोतले ते रेखीव उतार दिसेनासे व्हायला फार वर्षे लागणार नाहीत.